जुई अजून बोलत नाही

४ ऑगस्ट २०२३, पालघर

आजही पाळी माझीच. मुलाची, अमेयची, कंपनीत पहिली शिफ्ट. हे घरी. यांना दवाखान्याच्या वासाने चक्कर येते. मासळीबाजाराच्या वासाने येत नाही.

नात काचेच्या पेटीत. आठवा महिना नुकता लागला होता, बाईसाहेबांना घाई. एडवणहून थोरल्या जाऊबाईंचा फोन : वजन किती? म्हटलं, एका मध्यम पपईइतकं. तर म्हणतात, आपल्या वाडीतल्या की बाजारातल्या?

आमची सून सुमन रोज तिला छातीला बांधून बसते. उघड्या अंगावर उघडं बाळ, वरून चादर. याला कांगारू म्हणतात. डॉक्टरीणबाईंच्या मते ही ऊब मशीनपेक्षा सरस. आणि सुमन बसते तेव्हा बोलते. अखंड.

"काय गं माझे बाय, नाय उठायचं? ऊठ, आजी आली बघ. चष्मा बघ तिचा केवढा हाय. आमच्या डोंगरावर कोंबडा हाय, तो पण तुझ्यापेक्षा जाड हाय. लाज नाय वाटत तुला?"

नर्सा हिला 'रेडिओ' म्हणतात. मधेच बाळ श्वास घ्यायचं विसरतं, मशीन ओरडायला लागतं. सुमन बोलणं न थांबवता तिची पाठ चोळते, श्वास परत येतो, वाक्य पुढे चालू. मी नुसती उभी. कॉलेजात साठ पोरांना गप्प करते मी. इथे पर्स धरून उभी.

१७ ऑगस्ट

नाकातली नळी काढली. वजन चढतंय. डॉक्टरीणबाई सुमनला म्हणाल्या, "तुमचा आवाज ओळखते ती. बोलत राहा." सुमन : "त्याची काळजी नका करू तुमी."

साप्ताहिकाच्या संपादकांचे तीन फोन. माझं सदर थकलंय. दवाखान्याच्या बाकावरच लिहून काढलं : 'पेटीशेजारचा रेडिओ'. आमच्या घरी नवं केंद्र सुरू झालं आहे, 'हाय' आणि 'नाय' या दोनच खांबांवर त्याचा मनोरा उभा आहे, कोंबडा आणि नात या दोघांशी एकाच सुरात बोलणारी ही जगातली एकमेव भाषा, वगैरे. चुरचुरीत उतरलाय. या वर्षातला सगळ्यात चांगला.

२ सप्टेंबर, बोईसर

घरी आणलं. पाळणा मोठा, आत ती शोधावी लागते.

डॉक्टरांनी सांगितलं की हिला दोन वयं. एक जन्मल्या दिवसापासूनचं, एक ज्या दिवशी जन्मायला हवी होती त्या दिवसापासूनचं. बसणं, चालणं, बोलणं सगळं दुसऱ्या वयाने मोजायचं, घाबरायचं नाही. यांना ते समजेना. म्हटलं, जाऊबाईंसारखं. एक खरं, एक सांगायचं.

'रेडिओ'ला फोनच फोन. उमरोळीच्या एका गुरुजींनी अख्खा लेख बायकोला वाचून दाखवला म्हणे, दोघं पोट धरून हसली. सुमनला सांगितलं. "मी पण वाचला," म्हणाली. दूध तापवायला गेली.

२६ नोव्हेंबर

बारसं. नाव जुई. जाऊबाईंना 'अनुष्का' हवं होतं.

सुमनचे आई-वडील विक्रमगडच्या वरच्या पाड्यावरून आले. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर जातात, नातीच्या बारशासाठी यंदा उशिरा निघणार. सोबत नाचणीचं पीठ, पिशवीभर. आमच्याकडच्या बायकांनी पिशवीकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. जाऊबाई माझ्या कानात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा : "पोरगी किडकिडीत आहे ती त्यांच्याकडची गं. आपल्याकडे सगळी भरल्या अंगाची." मी म्हटलं, "हो, डोक्यासकट." पण त्यांना ते लागलं नाही.

लेखाची कीर्ती एडवणपर्यंत. पाळण्यापाशी उभं राहून एकेक जण सुमनला, "काय सूनबाई, रेडिओ लावा की!" "कोंबडा काय म्हणतो?" ती हसत होती. छान हसत होती.

निघताना तिची आई : "बोलत का नाय गं तू?" सुमन म्हणाली, "बोलते ना. नाही कसं?" एकदम स्वच्छ. माझ्या वर्गातही इतकं स्वच्छ कोणी बोलत नाही. बरं वाटलं.

१५ जानेवारी २०२४

तिळगूळ, आणि अमेयचा फतवा. आजपासून घरात इंग्लिश. कंपनीत त्याचा साहेब दाक्षिणात्य, साहेबाची मुलगी दोन वर्षांची, इंग्लिशमध्ये रडते म्हणे. मी म्हटलं, मी काही नातीशी परक्या भाषेत बोलणार नाही, मी मराठी बोलेन, शुद्ध. शेजारच्या भाभी दुपारी येऊन हिंदीत लाड करून जातात, त्यांना कोण अडवणार. हे कोणत्याच भाषेत बोलत नाहीत.

सुमन भाकरी थापताना विचारते, "मग मी कशात बोलू?"

अमेय : "यू ट्राय इंग्लिश. थोडं थोडं."

मी : "तू नीट बोल, म्हणजे झालं. मुलं आईचं उचलतात."

"बरं," म्हणाली.

९ मे

सुमन झपाट्याने सुधारली. महिनाभरात एकही 'नाय' ऐकला नाही. कमी बोलते आता, पण जे बोलते ते छापून घ्यावं. यांना वाटतं तिची तब्येत बरी नाही. मला वाटतं, संस्कार.

जुई धरून बसवली तर बसते. दुसऱ्या वयाने ठीक. जेवताना समोर मोबाइल, त्यात इंग्लिश मासे गाणी गातात. अमेयची योजना. सुमन घास भरवते, मासे गातात, जुई बघते. घरात इतकी शांतता की कंपनीचा भोंगा दचकवतो.

खिडक्या बंद. आज नाल्याकडून वास फार.

२१ सप्टेंबर

चालायला लागली, पण चवड्यांवर. टाच टेकत नाही. जाऊबाई : "अगं, नाचणार ती!" डॉक्टरीणबाईंनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. घट्ट आहेत. लवकर जन्मलेल्यांत असतं कधी कधी. व्यायाम दिलेत, रोज करायचे.

सुमन करते. चुकवत नाही. जुईला चटईवर निजवून एकेक पाय वाकवते. मी दारातून पाहिलं तर तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी आत गेले तर ओठही थांबले. मोजत असेल.

१२ फेब्रुवारी २०२५

शब्द नाही. एकही नाही. दुसऱ्या वयानेसुद्धा आता हवे होते. हवं असेल ते बोटाने दाखवते, नाही मिळालं तर भिंतीकडे तोंड करून बसते. रडतही नाही धड.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घराण्यांची चौकशी केली. कोणी उशिरा बोललं होतं? मी ठामपणे, "आमच्याकडे कोणी नाही." हे म्हणाले, "मी. तिसरं संपल्यावर." तीस वर्षांत मला सांगितलं नाही. "मग बोलायला लागलात?" डॉक्टर. "हो, लग्नापर्यंत."

सगळे हसलो. जुईने आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा पंख्याकडे.

आता कान तपासायचे. त्याचं मशीन वैतरणा नदीच्या अलीकडे नाही, पलीकडे जावं लागेल.

१ मार्च

झोपेचं औषध देऊन तपासणी. सुमन बाहेर बाकावर, हातात जुईचे मोजे. अमेय फेऱ्या घालत होता. मी संपादकांना मेसेज करत होते, या आठवड्यात सदर नाही.

कान उत्तम. दोन्ही.

हे लिहायला नको, पण कोण वाचतंय. आम्ही तिघंही हिरमुसलो. बहिरी निघाली असती तर कानात मशीन बसवलं असतं, दोष सापडला असता, घरी येऊन जेवलो असतो. आता ती सगळं ऐकते हे नक्की झालं. सगळं ऐकते आणि बोलत नाही.

परतताना गाडीत. जुई जागी, आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती. कोण आधी उघडतं ते.

१६ जून

प्ले ग्रुपची मुलाखत. मुलाखत! दोन वर्षांच्या बाळाची. बाईंनी लाल चेंडू पुढे केला, "व्हॉट कलर?" जुईने चेंडू घेतला आणि सुमनला दिला. मग निळा, तोही सुमनला. सुमनच्या मांडीत चार चेंडू झाले. "कमी बोलते का?" म्हणे. "तिला शू लागली हे सांगता आलं की आणा."

अमेय खाली उतरल्यावर सुमनला : "दिवसभर तू असतेस ना तिच्यासोबत? मग करतेस काय?"

सुमन म्हणाली, "सगळं करते."

खरं आहे. सगळं करते.

प्ले ग्रुपवर सदर लिहिलं. लोकांना आवडेल. मला नाही आवडलं.

८ जुलै

पालघरला बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा येतात. तरुण आहे, केस कापलेले, चटईवर मांडी घालून बसते. अमेयला सुट्टी नव्हती. सुमन, मी आणि जुई.

तिने आम्हाला विचारलं, घरात जुईशी कोण काय बोलतं. मी सविस्तर सांगितलं. अमेय इंग्लिश, मी प्रमाण मराठी, शेजारी हिंदी. ती ऐकून घेऊन सुमनकडे वळली. "आणि तुम्ही?"

सुमनने जुईचा फ्रॉक सारखा केला.

"तिला आंघोळ घालताना, भरवताना. काय बोलता?"

"नाय बोलत." मग लगेच, "नाही बोलत."

"काहीच?"

"माझं बोलणं गावचं हाय. आहे. मोडकं. तिला तेच लागंल ना. एकतर आधीच नाजूक आहे ती. म्हणून मी तोंड बंद ठेवते."

लागेल म्हणाली. खरूज लागावी तसं.

मॅडमने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायला हवं होतं तिने. पाहिलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिने सुमनचा हात धरून एवढंच सांगितलं की या मुलीला तुमचं बोलणं हवं, जसं येतं तसं, भरपूर. सुमनने मान हलवली. आम्ही कशालाही हलवतो तशी.

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेना. उभ्या राहिलो. मी म्हटलं, "चहा घेऊ या." ती म्हणाली, "नको, आई." मग जुईचं नाक पुसलं.

९ जुलै

डॉक्टरीणबाईंना मुद्दाम फोन केला. विचारलं, स्पष्ट सांगा, यातलं किती लवकर जन्मल्यामुळे? त्या पेटीमुळे किती, श्वास थांबायचा त्यामुळे किती? आणि किती घरामुळे?

म्हणाल्या, असं वेगळं काढता येत नाही. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या मुलांना अवघड पडतंच, काहींना जास्त, काहींना कमी. पण ज्या घरात त्यांच्याशी खेळणं-बोलणं चालू असतं तिथली मुलं बरंचसं भरून काढतात. सगळं नाही. बरंचसं.

म्हटलं, आमच्या घरी बोलण्यावरच पोट चालतं हो.

"हो ना, वाचते मी तुमचं सदर," म्हणाल्या.

रात्री जेवताना अमेयला मॅडमचं सांगितलं. तो सुमनवर चिडला. "कोणी सांगितलं होतं तुला गप्प बसायला?" सुमन भात वाढत होती. यांनी ताटातून मान वर न करता माझ्याकडे पाहिलं. अर्धंच.

पेटीच असणार. मुळात पेटीच.

२० जुलै

आज सुमनला सांगितलं. सरळ. म्हटलं, "बोल तू तिच्याशी. तुझ्यासारखी बोल. कोणी काही म्हणणार नाही."

"हो, आई."

मग मी मुद्दाम आतल्या खोलीत वाल सोलायला बसले. दार अर्धं उघडं. बाहेर चटईवर त्या दोघी. मी ऐकतेय. वाल अर्धे झाले तरी शब्द नाही. शेवटी सुमन, घसा साफ करून, "जुई, हा तुझा पाय आहे. हा पाय वर करू या. छान." बातम्या देतात तशी.

मी बाहेर आले. "अगं, तसं नाही. तू पालघरला बोलायचीस तसं. तो कोंबडा..."

तिने चटईची सुटलेली काडी आत खोचली. "आता नाय येत, आई," म्हणाली. "तुमी ऐकता ना."

जुईने टाच टेकवली होती. दोघींपैकी कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मी सांगितलं नाही. तिथे माझा आवाज नको वाटला.

११ ऑगस्ट

अमेयने मोबाइलातले मासे बंद केले. त्याऐवजी तो स्वतः गातो. माशांचं बरं होतं.

चेष्टा पुरे. त्याला रडू आलं आज. कंपनीतून आला, जुईने दारात त्याचा डबा ओढला, आत काही नव्हतं, तर तिने डबा झाकण लावून परत दिला. इतकी समज. तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडून बसला. पाणी एक तासच येत असताना.

२४ सप्टेंबर

सुमनला माहेरी जायचंय. भात कापणीला येतंय, बापाची कंबर धरली आहे, आईच्या मदतीला. जुईला घेऊन. किती दिवस ते सांगत नाही.

अमेय नाही म्हणाला. मॅडमचे वर्ग बुडतील, पायाचे व्यायाम राहतील, तिथून रस्त्यापर्यंत यायलाच चढ-उतार, ताप आला तर? मुद्दे सगळे खरे. जाऊबाईंनी फोनवर भर घातली : "आधीच मुकी, आता जंगलात नेताय." फोन स्पीकरवर होता. सुमन समोर उभी.

मी म्हटलं, "वहिनी, ती मुकी नाही. तिला अजून संधीच मिळालेली नाही. तुम्ही ठेवाल फोन तेव्हा मिळेल."

मग अमेयला म्हटलं, जाऊ दे.

"आई, तुला कळतंय का? वाया गेलेला एकेक महिना परत येत नाही असं डॉक्टरच म्हणतात."

कळतंय रे. म्हणूनच.

सुमनने पिशवी भरली. बारशाला तिच्या आईने आणली होती तीच पिशवी. पाय न वाजवता गुपचूप भरली, जणू मी विचार बदलेन.

२९ सप्टेंबर

अमेय सोडून आला. तोंड पाडून. म्हणतो, तिथे जुईला एका म्हाताऱ्या मावशीने उचललं, मग दुसरीने, मग कोणी कोणी, त्याला पोरगी परत सापडेना. "काही बोलली का?" मी. "कोण?" तो. "कोणीही."

तो बूट काढून आत गेला.

३ ऑक्टोबर

संपादक. दिवाळी अंक काढतायत, गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं सदर पुन्हा छापायचंय. अर्थात 'रेडिओ'. सोबत बाळाचा फोटो चालेल का?

म्हटलं, ते नको. दुसरं घ्या.

"मॅडम, वाचकांची मागणी आहे. अजून लोक 'कोंबडा' म्हणून हसतात."

म्हटलं, हसू देत. छापायचं नाही.

"काही चुकलं का आमचं?"

तुमचं नाही हो, म्हणणार होते. म्हटलं नाही. फोनमध्ये आवाज येत नाही असं सांगून ठेवला. लेखिकेचं धैर्य.

२२ ऑक्टोबर

दिवाळी तिघांची. फराळ जाऊबाईंकडून आला, सोबत सल्लाही. चिवडा खाल्ला.

सुमनचा फोन लागत नाही. टेकडीवर चढलं तर रेंज, खाली उतरलं तर नाही. अमेय रोज कंपनीतून लावतो. काल लागला, ती म्हणाली, व्यायाम चालू हायत. हायत म्हणाली. अमेयच्या लक्षात आलं नाही, मला सांगताना त्याने जसंच्या तसं सांगितलं.

४ नोव्हेंबर

अमेय म्हणतो, आता बास. कापणी झाली. तिचे आई-वडील आठ-पंधरा दिवसांत भट्टीवर निघतील, मग ती पोरीला घेऊन त्या घरात एकटी कशाला? येत्या रविवारी घेऊन येतो.

यांनी विचारलं, "ती काय म्हणते?"

अमेयने विचारलंच नव्हतं. आमच्या घराण्यात विचारत नाहीत, सांगतात. जाऊबाई त्याला भरलं अंग म्हणतात.

दुपारी शेजारच्या भाभी डोकावल्या. "गुडिया कब आ रही है? घर कितना सूना है।" म्हटलं, घर आधीही असंच होतं भाभी, तुम्ही दुपारच्या यायच्या म्हणून कळलं नाही.

९ नोव्हेंबर

अमेय गेला आणि एकटा आला. भांडण झालं नाही म्हणतो. सुमन म्हणाली, "थोडं थांबा." किती? तेच, थोडं. तिचे वडील यंदा कंबरेमुळे भट्टीवर जातील की नाही ते ठरलेलं नाही. आई एकटी जाईल का, तेही नाही. जुई अंगणात होती. चवड्यांवरच होती, पण पळत होती. बापाला बघून थांबली, ओळखलं, बोटाने कोंबडा दाखवला.

"बोलली?"

"आई, प्रत्येक वेळी तेच विचारू नकोस."

मग स्वतःच, "नाही बोलली."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या काळजीत. व्यायामासाठी, तपासणीसाठी पोरीला खाली आणायलाच हवं म्हणाल्या, लवकर. मॅडमला सांगितलं. ती विचारते, तिथे आई बोलते का तिच्याशी? मला माहीत नाही. अमेयलाही नाही. आम्ही असलो की ती बोलत नाही, मग आम्हाला कसं कळणार?

१६ नोव्हेंबर

आज सुमनचा व्हिडिओ कॉल आला, तोही माझ्या फोनवर. अमेय शिफ्टला. मी पटकन चष्मा लावला. समोर आधी आभाळ, मग कुडाची भिंत, मग जुईचा गाल, इतका जवळ की अर्धा फोन गालच. हिनेच कुठेतरी बोट लावलं असणार.

मी "जुई" म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला. सुमनचा. लांब कुठेतरी, काहीतरी पाखडत असावी.

"...अगं नाय गं, तो नाय चावत, तोच तुला भितो. सांग त्याला, हो बाजूला. सांग की. मी एकटीच किती बोलू? माझं तोंड दुखलं. बघ, शेपटी बघ कशी करतो, आगाऊ हाय, तुझ्या आजीसारखा..."

तेच. पालघरच्या त्या पेटीशेजारचं. सव्वादोन वर्षांनी.

मग फोन हलला, सुमनचा चेहरा आला. तिला कॉल लागलेला दिसला. मी दिसले. आणि ती थांबली. मधल्या मध्ये, शब्द अर्धा ठेवून. पदराने तोंड पुसलं. "आई, चुकून लागला वाटतं. जेवलात का तुम्ही?"

तुम्ही. स्वच्छ.

जुईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बघताना जुईचंही तोंड मिटलेलं.

माझ्याकडे खूप होतं बोलायला. कधी येताय, डॉक्टर काय म्हणाल्या, टाच टेकते का, आणि दुसरंही काही, जे मी लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "जेवते आता. गॅसवर आमटी आहे. तू ठेवू नकोस फोन, मी आलेच." आणि फोन ओट्यावर पालथा घातला, त्यांना दिसेल फक्त काळं. आमटी नव्हती. ओट्याला टेकून उभी राहिले.

पलीकडे बराच वेळ नुसतं सूप वाजत होतं. मग हळू, "गेली वाटतं आजी." मग थोडं आणखी. मग कोंबड्याचं सुरू झालं, आधी दबकत, मग नेहमीच्या सुरात. मधे एक आवाज आला. बारीक, एकदाच. सुमनचा नव्हता. पोरीचा होता की कोंबडीच्या पिलाचा, ते कळलं नाही. सुमन मात्र उत्तर दिल्यासारखं म्हणाली, "हां, तेच तर."

हे आत आले, म्हणाले, फोन कोणाचा चालू आहे? मी तोंडावर बोट ठेवलं. स्वतःच्या.